उन्हाळ्यातली चुकीची सावली: राउरिमू रूटचं एक प्रकरण

रुळांच्या कडेच्या एकेका झाडाला दोन-दोन सावल्या दिसत होत्या. एक गडद, रेल्वे सिम्युलेटरने (संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळाने) त्या क्षणी पाडलेली, उत्तरेकडे जाणारी. दुसरी फिकट, जमिनीच्या चित्रातच छापली गेलेली, दक्षिणेकडे पसरलेली. रूट, म्हणजे खेळातला रेल्वेमार्ग, बांधणाऱ्या हौशी मित्राला वाटलं, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. त्याने सावल्यांचा दर्जा वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, कार्डाचा ड्रायव्हर बदलला. काहीच फरक पडला नाही, तेव्हा त्याने रूटच्या फाइल माझ्याकडे पाठवल्या.

रूट न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचा आहे. ऑकलंड आणि वेलिंग्टन जोडणाऱ्या मुख्य मार्गावरचा राउरिमूजवळचा तुकडा. १०६७ मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) हा मार्ग १९०८ साली पुरा झाला. राउरिमूपाशी पठारावर चढायला गाडीला झेपेल अशी सरळ वाट नव्हती, म्हणून रॉबर्ट होम्स या अभियंत्याने १८९८ मध्ये तिथे वळसा आखला: घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणं, दोन छोटे बोगदे आणि एक पूर्ण वर्तुळ, ज्यात गाडी फिरून आपल्याच खालच्या रुळांच्या डोक्यावर येते. सावल्या तपासायला याहून चांगली जागा मिळणं कठीण. काही मिनिटांत इंजिनाचं तोंड सगळ्या दिशांना फिरून येतं आणि तेवढ्या वेळात सूर्य फारसा हलत नाही. त्यामुळे गाडीची सावली जमिनीवर एकाच दिशेला पडत राहिली पाहिजे, आणि डब्यातून पाहणाऱ्याला मात्र ती गाडीभोवती फिरताना दिसली पाहिजे.

जमिनीवर हवाई छायाचित्रांचं टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) चढवलेलं होतं, फिकट सावली त्यातली. ती खरी होती. ३९ अंश दक्षिण अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य वर्षातल्या कुठल्याही दिवशी उत्तरेलाच असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. म्हणजे चूक सिम्युलेटरने पाडलेल्या सावलीत होती, आणि ग्राफिक्स कार्डाशी तिचा काही संबंध नव्हता.

सूर्याला काय काय माहीत असावं लागतं

काही जुन्या सिम्युलेटरमध्ये सूर्य ठरलेल्या कमानीवरून चालतो: सहाला नेमका पूर्वेला उगवतो, सहाला नेमका पश्चिमेला मावळतो, रूट कुठलाही असो. हे सिम्युलेटर तसं नव्हतं. ते सूर्याची जागा खरोखर गणिताने काढत होतं. त्यासाठी चार गोष्टी लागतात: अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. तारखेवरून सूर्याची क्रांती मिळते, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. ती वर्षभरात अधिक २३.४ ते उणे २३.४ अंश अशी फिरते. वेळ आणि रेखांशावरून सूर्य मध्यान्हरेषेपासून किती दूर आहे ते कळतं, दर तासाला १५ अंश या हिशेबाने. यात अक्षांश मिसळला की दोन कोन हाती येतात: क्षितिजापासूनची उंची आणि उत्तरेपासून मोजलेला दिगंश. सावली दिगंशाच्या बरोबर उलट दिशेला पडते आणि तिची लांबी उंचीवरून ठरते.

हे गणित शतकानुशतकं माहीत आहे आणि प्रोग्राममध्ये काही ओळींत मावतं. गणित चुकल्यामुळे सावली चुकल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. चुकतात ते गणितात टाकलेले आकडे. आणि प्रत्येक चुकीच्या आकड्याची सावलीवर उमटणारी खूण वेगळी असते, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं. म्हणूनच ते सविस्तर लिहितोय.

एक प्राथमिक तपासणी आधी उरकली. आकाशात दिसणारा सूर्याचा गोल आणि सावली पाडणारा प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. गोल आकाशाच्या चित्रात एकीकडे आणि प्रकाश भलतीकडून, असं घडतं. इथे दोन्ही एकाच दिशेला होते. ते बरं झालं, एक शंका मिटली.

खांब आणि चौकटी

मापनासाठी सपाट जागा हवी होती. स्टेशनाच्या आवारात मी ४ मीटर उंचीचा एक बारीक खांब उभा केला आणि त्याच्याखाली एक मीटरच्या चौकटींचं टेक्स्चर असलेला सपाट पट टाकला, कडा उत्तर-दक्षिण रेषेला लावून. स्क्रीनवर सावली बघून अंदाज करणं धोक्याचं असतं. कॅमेरा थोडा वाकडा असला तरी वीस अंशांची चूक सहज खपून जाते. कॅमेरा बरोबर डोक्यावर नेऊन चौकटी मोजल्या की वाद राहत नाही.

राउरिमूचा अक्षांश साधारण ३९.१ अंश दक्षिण, रेखांश १७५.४ अंश पूर्व. सिनॅरिओत (रूटवरच्या एका ठरावीक फेरीच्या मांडणीत) ऋतू उन्हाळा, घड्याळात दुपारचे बारा. खेळातली सावली: १.१ मीटर, नेमकी उत्तरेला.

उत्तरेला पडली म्हणजे सूर्य दक्षिणेला होता. पण लांबी मात्र शंका घेण्यासारखी नव्हती. ३९ अंशांवर उन्हाळ्यातल्या अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, मध्यान्ही सूर्य ७४ अंशांवर येतो आणि ४ मीटरच्या खांबाची सावली १.१ मीटरच पडते. दिवसाची लांबी, सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ, सगळं उन्हाळ्याला साजेसं. फक्त उत्तर-दक्षिण उलटी. इतके महिने कुणाला संशय आला नव्हता तो यामुळेच. जमिनीला साधं गवताचं टेक्स्चर असतं तर आजही आला नसता.

दिशेवरून पहिला संशय अक्षांशाच्या चिन्हावर गेला. रूटच्या फाइलमध्ये अक्षांश ३९.१ असा लिहिलेला होता, पुढे उणे चिन्ह नव्हतं. रूट बांधणाऱ्याने नकाशावरून ‘३९ अंश द.’ वाचून आकडा भरला होता. गणिताच्या दृष्टीने रूट उत्तर गोलार्धात गेला.

दुरुस्तीनंतर चित्र बिघडलं

चिन्ह दुरुस्त केलं. सावली दक्षिणेला वळली, अपेक्षेप्रमाणे. पण तिची लांबी झाली ७.७ मीटर. भर उन्हाळ्यात, भर दुपारी, चार मीटरच्या खांबाला पावणेआठ मीटरची सावली! दुपारी तीनला ती १५ मीटरवर गेली आणि साडेचारच्या पुढे सूर्य मावळून डब्यांचे दिवे लागले. रूट बांधणाऱ्याने लगेच निरोप पाठवला: आधीचंच बरं होतं, उणे चिन्ह काढून टाकूया.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची पायरी हीच होती, आणि अनेक रूट इथेच कायमचे चुकीचे राहतात. एका दुरुस्तीने परिणाम वाईट झाला तर दुरुस्ती चुकीची होती असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे आणखी एक चूक असते, जी पहिलीच्या आड लपलेली असते.

७.७ मीटर हा आकडा स्वतःच बोलका आहे. त्यावरून सूर्याची उंची २७.५ अंश निघते. ३९.१ अंश दक्षिणेला एवढ्या उंचीची मध्यान्ह येते २१ जूनच्या आसपास, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात. सिम्युलेटर ऋतूवरून तारीख ठरवत होतं आणि त्याच्या कोष्टकात उन्हाळा म्हणजे २१ जून असं पक्कं लिहिलेलं होतं. कोष्टक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उत्तर गोलार्ध होता. रूट उत्तर गोलार्धात समजला जात होता तोवर जूनचा सूर्य त्याला उन्हाळ्याचाच वाटत होता. उत्तरेच्या ३९ अंशांवरचा जून आणि दक्षिणेच्या ३९ अंशांवरचा डिसेंबर हे एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब आहेत: सौर वेळेच्या प्रत्येक क्षणी उंची तीच, दिवस तेवढाच मोठा, फक्त उत्तर-दक्षिण उलट. दोन चुकांनी मिळून एक जवळपास खरं दिसणारं जग तयार केलं होतं, आणि त्यातली एक काढताच दुसरी उघडी पडली.

कोष्टक बदलण्याची सोय रूटच्या पातळीवर नव्हती, पण सिनॅरिओत स्पष्ट तारीख दिली तर ती ऋतूच्या वर मानली जात होती. म्हणून प्रत्येक सिनॅरिओत तारीख लिहिली. उन्हाळ्यासाठी २१ डिसेंबर. दुपारी बाराला सावली १.१ मीटर, दक्षिणेला. मित्र खूश झाला. मी नव्हतो.

बारा वाजता मध्यान्ह नसते

न्यूझीलंडची प्रमाणवेळ १८० अंश रेखांशावर बेतलेली आहे, ग्रीनिचच्या १२ तास पुढे. राउरिमू त्या रेषेच्या ४.६ अंश पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य घड्याळाच्या १८ मिनिटं मागे असतो. त्यात सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. झाली ७८ मिनिटं. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे खरा सूर्य सरासरी सूर्यापेक्षा कधी पुढे, कधी मागे असतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याजवळ १४ मिनिटं मागे, २१ डिसेंबरला साधारण २ मिनिटं पुढे. एकूण हिशेब ७६ मिनिटांचा. म्हणजे २१ डिसेंबरला राउरिमूची खरी मध्यान्ह दुपारी १ वाजून १६ मिनिटांनी होते.

सिम्युलेटर घड्याळातली वेळ हीच सौर वेळ समजत होतं. सव्वा तासाने सावलीत असा कितीसा फरक पडणार, असं मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे, कारण उत्तर ऋतूवर अवलंबून आहे आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. २१ डिसेंबरला घड्याळात बारा वाजतात तेव्हा खऱ्या सूर्याचा दिगंश सुमारे ५२ अंश असतो, म्हणजे तो ईशान्येला असतो, ६७ अंश उंचीवर. सावली पडते नैर्ऋत्येकडे, १.७ मीटर. खेळातली सावली नेमकी दक्षिणेला होती. तब्बल ५२ अंशांची चूक! उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याजवळ असतो, आणि डोक्याजवळच्या सूर्याने थोडी जरी वाट चालली तरी त्याची क्षितिजावरची दिशा भराभर बदलते. २१ जूनला हीच तपासणी केली तर चूक जेमतेम ५ अंश निघते. सूर्य खाली असतो आणि उन्हाळी वेळही लागू नसते. हिवाळ्यात तपासून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याला हा दोष सापडणारच नाही.

संध्याकाळी तर तो डोळ्यांनी दिसतो. सपाट क्षितिज धरलं तर डिसेंबरच्या त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. खेळात तो साडेसातच्या आधीच गेलेला असायचा. रात्री आठला प्रत्यक्षात सूर्य अजून सात अंशांच्या आसपास वर असतो, ४ मीटरच्या खांबाला ३० मीटरहून लांब सावली पडते, आणि डोंगरातल्या वळशावर गाडीची बाजू तिरप्या उन्हात उजळून निघते. हा रूट चालवण्यातलं सर्वांत सुंदर दृश्य खेळात अस्तित्वातच नव्हतं. मला सर्वांत जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं.

घड्याळ मागे करणं हा उपाय नव्हे. खेळातलं घड्याळ वेळापत्रकासाठी असतं, गाड्यांची क्रॉसिंग त्यावर ठरतात. सुदैवाने आकाशाला वेळ पुरवणारी स्क्रिप्ट वेगळी होती. तिथे सूर्यापुरती वजाबाकी घातली आणि घड्याळ होतं तसं राहू दिलं. ती करताना एक बारकावा जपावा लागला. न्यूझीलंडमध्ये २१ डिसेंबरचे दुपारचे बारा म्हणजे ग्रीनिचला अजून २० तारखेची रात्र. अयनदिनाजवळ याने काही बिघडत नाही, पण संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या, सुमारास क्रांती रोज ०.४ अंशाने बदलते, म्हणून तारीख ग्रीनिचच्या वेळेवरून काढली.

उत्तर नेमकी कुठली

मग एक फरक उरला, दिवसभर एकाच बाजूचा, दीड अंशाच्या आसपास. तास बदलला तरी तेवढाच राहणारा फरक वेळेचा किंवा तारखेचा नसतो, तो दिशेचा असतो. मित्राने जमीन देशाच्या अधिकृत आडव्या मर्केटर नकाशाच्या चौकटीवर बसवली होती, जिचं मध्यरेखांश १७३ अंश पूर्व आहे. मध्यरेषेपासून दूर गेलं की चौकटीची उत्तर आणि खरी उत्तर एकमेकींपासून फाकतात. राउरिमूला २.४ अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन), म्हणजे साधारण १.५ अंश. हा फरक आम्ही सोडून दिला. डोळ्याला तो कळत नाही आणि तो सुधारायला सगळा रूट फिरवावा लागला असता.

पण ही मुभा सगळीकडे नाही. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरने जगाचे निर्देशांक गूडच्या होमोलोसाइन प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी पाकळ्यांत कापून सपाट मांडण्याच्या एका पद्धतीवर) ठेवले, आणि त्याचेच रूट चालवणाऱ्या ओपन रेल्स या सिम्युलेटरनेही ती चौकट पुढे वापरली. या प्रक्षेपणात न्यूझीलंड ज्या पाकळीत येतं तिचं मध्यरेखांश १४० अंश आहे. राउरिमू तिथून ३५ अंश दूर, आणि त्या जागी चौकटीवरच्या रेखावृत्ताचा कल २१ अंशांवर जातो. शिवाय तिथे केवळ फिरणं नसतं, जमीन तिरपी ओढली गेलेली असते. अशा चौकटीतली ‘वरची बाजू’ उत्तर धरून सावली तपासणाऱ्याने आधी हा कल वजा करायला हवा, नाहीतर बरोबर सूर्यालाही तो चूक ठरवेल.

वर्तुळात सापडलेली गोष्ट

आकाशाचं काम संपल्यावर मी गाडी वळशातून चढवली आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून इंजिनाकडे पाहत राहिलो. जमिनीवरची सावली शहाण्यासारखी वागत होती. इंजिनाचा उजवा भाग मात्र पूर्ण वर्तुळभर अंधारा राहिला, ऊन त्याच्यावर थेट पडत असतानाही. इंजिन बनवणाऱ्याने रंगाच्या टेक्स्चरमध्येच छटा रंगवून ठेवली होती: डावीकडून ऊन, उजवीकडे सावली. सरळ मार्गावर अर्ध्या वेळेला ती योगायोगाने जुळते. राउरिमूच्या वर्तुळात लपायला जागा नाही. छतावरच्या पन्हाळीखालची आणि चाकांमागची काळोखी ठेवायला हरकत नाही, कारण तिथे कुठल्याही दिशेने ऊन आलं तरी अंधारच असतो. एका बाजूला झुकलेली छटा काढून टाकणं हाच तिथे इलाज होता. दोन्ही बाजूंची टेक्स्चर सारखी केली, आणि इंजिन त्या जमिनीवर उभं असल्यासारखं दिसू लागलं.

चालकाच्या खुर्चीतून

हे सगळं सौंदर्यापुरतं आहे असं कुणी म्हणालं तर मी सिग्नलकडे बोट दाखवीन. खऱ्या रेल्वेत दिव्याच्या काचेवर थेट ऊन पडलं तर न लागलेला दिवा लागल्यासारखा भासू शकतो. सिग्नलच्या दिव्यांवर लांब टोप्या बसवतात त्यामागे हे एक कारण आहे. दक्षिण गोलार्धात दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं. ऑकलंडकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ते येतं, तर वेलिंग्टनकडे जाणाऱ्याला जे सिग्नल दिसतात त्यांच्या काचांवर ते पडतं. पहिल्या अवस्थेत खेळाने या दोघांच्या अडचणींची अदलाबदल केली होती. हा मार्ग प्रत्यक्षात चालवलेल्या माणसाने तो रूट उघडला असता, तर नेमकं काय चुकलंय ते सांगता येण्याआधीच काहीतरी परकं आहे हे त्याला जाणवलं असतं. सूर्य आकाशात उजवीकडून डावीकडे चालतो, याची त्या गोलार्धातल्या डोळ्यांना सवय असते.

शेवटची मापं अशी आली. २१ डिसेंबर, दुपारी बारा: १.७ मीटर, नैर्ऋत्येकडे. एक वाजून सोळा: १.१ मीटर, दक्षिणेला. तीन वाजता: २ मीटर, पूर्व-आग्नेयेकडे, दिगंश ११८. दीड अंशाचा ठेवलेला फरक धरून तिन्ही हिशेबाशी जुळली.

जुन्या सिनॅरिओंचं काम मागाहून निघालं. काहींमध्ये डब्यांचे दिवे घड्याळातल्या वेळेला लागायचे, चुकीच्या सूर्यास्ताला जुळवून. आता ते लख्ख उन्हात लागू लागले. मित्राने ते सूर्याच्या उंचीला बांधले, क्षितिजाखाली गेला की लागतील असे. उन्हाळी वेळेचा तास तारखेवरून आपोआप ठरवणं त्या स्क्रिप्टमध्ये जमलं नाही. म्हणून एप्रिल ते सप्टेंबरच्या सिनॅरिओंना १८ मिनिटांची आणि बाकीच्यांना ७८ मिनिटांची वजाबाकी हाताने द्यावी लागते. सूर्याच्या पुढे-मागे होण्याची मिनिटं स्क्रिप्ट स्वतः मिळवते. हे दोन आकडे आणि अक्षांशापुढचं उणे चिन्ह त्याने रूटसोबतच्या सूचनापत्रात सर्वांत वर लिहून ठेवले आहेत.